पडक्या गढीचा आणि तिच्या बागेचा इतिहास कसा शोधावा

पुणे जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडावर एखादी गढी असते, किंवा गढी होती एवढे सांगण्यापुरता तिचा एखादा बुरूज शिल्लक असतो. गावकरी तिच्याविषयी दोन-तीन गोष्टी हमखास सांगतात. एक भुयाराची, एक गुप्तधनाची आणि एक कोणा पूर्वजाच्या पराक्रमाची. तिथल्या बागेविषयी मात्र सहसा कोणी बोलत नाही. वास्तविक गढी हे तटबंदीचे असले तरी राहते घर होते. तिथे देवपूजेला रोज फुले लागत, मुदपाकखान्याला भाजीपाला लागे, पागेतल्या घोड्यांना आणि कुटुंबकबिल्याला पाणी लागे. हे सगळे कुठून येत होते याचा शोध घेतला, की गढीत कोण राहत होते, किती माणसे होती आणि घर केव्हा भरभराटीला आले, याचा बराच उलगडा होतो. मी काही वर्षे हे काम करत आले आहे आणि त्यातून माझे मत असे झाले आहे, की गढीचा अभ्यास तिच्या पाण्यापासून सुरू करावा. तो कसा करावा, हे पुढे सांगते.

सरावासाठी शनिवारवाडा

थेट एखाद्या अनोळखी गढीवर जाण्यापूर्वी पुणेकरांनी शनिवारवाड्यात दोन-तीन सकाळी घालवाव्यात. तिथे अवशेष आणि लेखी माहिती या दोन्ही गोष्टी हाताशी असल्यामुळे, डोळ्यांनी काढलेला निष्कर्ष लगेच तपासून पाहता येतो. थोरल्या बाजीराव पेशव्यांनी १० जानेवारी १७३० रोजी वाड्याची पायाभरणी केली आणि २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली. हे दोन्ही दिवस शनिवारचे. त्या वेळच्या बांधकामाचा खर्च १६,११० रुपये सांगितला जातो. तटबंदीचे काम पुढे नानासाहेब पेशव्यांच्या काळात पुरे झाले. नोव्हेंबर १८१७ मध्ये वाडा इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेल्या मोठ्या आगीत आतले सर्व लाकूडकाम जळाले. ही आग सात दिवस धुमसत होती, असे सांगतात. आत आज आपण पाहतो ते म्हणजे आगीत न जळणारे एवढेच : दगड, विटा आणि चुना.

आत शिरण्याआधी तटाला बाहेरून पूर्ण फेरी घालावी. नऊ बुरूज आणि पाच दरवाजे मोजत जावे आणि प्रत्येक ठिकाणी खालचे व वरचे बांधकाम वेगळे आहे का, ते पाहावे. शनिवारवाड्याच्या तटाचा खालचा भाग घडीव दगडाचा आणि वरचा विटांचा आहे. दगडी वाडा बांधण्याचा मान छत्रपतींचा म्हणून वरचे काम विटांचे करावे लागले, अशी कथा सांगितली जाते. ती टिपून ठेवावी, पण तेवढ्यावर थांबू नये. पुण्यातल्या इतर जुन्या वाड्यांतही जोते दगडाचे, सांगाडा लाकडाचा आणि भिंती विटांच्या असत, कारण त्यात वजन, खर्च आणि वेळ या तिन्हींची बचत होई. एखाद्या वैशिष्ट्याला कथेचे कारण सांगितले जाते तेव्हा तेच वैशिष्ट्य शेजारच्या चार वास्तूंतही आहे का, हे आधी पाहून घ्यावे.

दिल्ली दरवाजापाशी मात्र थांबून पाहण्यासारखे पुष्कळ आहे. दोन्ही झडपांवर फूटभर लांबीचे अणकुचीदार लोखंडी सुळे ओळीने बसवलेले आहेत. ओळी मोजल्या तर नऊ आणि आठ असा हिशेब लागतो, म्हणजे एका झडपेवर बहात्तर. ते जमिनीपासून ज्या उंचीवर सुरू होतात ती उंची स्वतः मोजून पाहावी. धडक देणाऱ्या हत्तीचे गंडस्थळ जिथे येईल तिथे ते आहेत. उजव्या झडपेत माणूस वाकून आत जाईल एवढी दिंडी, म्हणजे लहान दार, आहे. आत आल्यावर वाट सरळ चौकात न जाता वळण घेते. हे वळण, देवड्या (पहारेकऱ्यांच्या बसायच्या जागा) आणि दिंडी लहान गढीतही असतात, फक्त आकार घटतो. खेड्यातल्या गढीचे दार गेलेले असले तरी चौकटीच्या दोन्ही बाजूंना अडसर सरकवण्याची खोबण बहुधा शिल्लक असते. तिच्यात हात घालून खोली मोजावी. अडसर किती जाड होता ते कळले, की दाराच्या वजनाचा अंदाज येतो.

जोते वाचणे

आत गेल्यावर बहुतेक लोकांना हिरवळ आणि मधून मधून दगडी चौथरे दिसतात आणि पेशव्यांचा बगीचा असाच असावा असा त्यांचा समज होतो. हा समज आधी दूर करावा. वाडा १९१९ साली संरक्षित स्मारक म्हणून जाहीर झाला. त्यानंतर राडारोडा काढून पाये मोकळे करण्यात आले आणि आजची हिरवळ ही त्यानंतरच्या जतनाच्या कामातली आहे. पेशवाईत या जागी चौक, दिवाणखाने, कोठ्या आणि मजल्यांवर मजले होते. पहिल्या भेटीत मीही हिरवळीचाच आराखडा काढून त्याला ‘बाग’ असे नाव देऊन आले होते, आणि ती वही मी अजून ठेवली आहे, कारण पडक्या जागेत आजचा थर आधी ओळखून बाजूला काढावा लागतो, हे मला तिथे समजले.

चौथऱ्यावर खाली बसून एखादा तळखडा नीट पाहावा. लाकडी खांबाखाली बसवायचा हा दगड वरून सपाट असतो आणि त्याच्या मधोमध खांबाचे कूस बसावे म्हणून चौकोनी खळगा असतो. खळग्यात पाला आणि माती साचलेली असते. ती बोटांनी हलकेच बाजूला केली, तर कडा किती सफाईने घडवल्या आहेत ते दिसते. एका तळखड्यापासून पुढच्या तळखड्यापर्यंतचे अंतर म्हणजे एक खण. जुनी माणसे घराचे माप फुटांत न सांगता ‘पाच खणी’, ‘सात खणी’ असेच सांगत. खणांचे अंतर वहीत मांडले, की कुठे दिवाणखान्यासारखी मोकळी जागा होती आणि कुठे दाटीच्या खोल्या होत्या, याचा नकाशा आपोआप तयार होतो. जिन्यांच्या पायऱ्या पाहताना झिजेकडे लक्ष द्यावे. मध्यभागी खोल झिजलेली पायरी रोजच्या वाटेवरची असते आणि जवळजवळ कोरी राहिलेली पायरी मोजक्या लोकांच्या वाटेवरची.

आगीच्या खुणाही ओळखाव्यात. तापलेला काळा दगड पापुद्र्यांनी सुटतो आणि चुन्याचा गिलावा भाजून लालसर होतो. पण काळा डाग दिसला म्हणजे ती जुनीच आग, असे धरू नये. पडक्या वास्तूंत गुराखी, प्रवासी आणि आसरा घेणारी माणसे चुली मांडतात. डाग जमिनीलगत कोपऱ्यात असेल तर तो चुलीचा. मोठ्या आगीचा असेल तर तो उंचावर आणि लांबवर असतो.

पाणी सापडले की बाग सापडते

शनिवारवाड्यातले हजारी कारंजे हे या सगळ्या अभ्यासाचे केंद्र मानावे. सवाई माधवरावांच्या बालपणी त्यांच्या मनोरंजनासाठी ते बांधल्याचे सांगतात. सोळा पाकळ्यांच्या कमळाची त्याची रचना आहे. काठावर उभे राहून एकच पाकळी निवडावी आणि तिच्या कडेकडेने नजर फिरवावी. दगडात तुषारांसाठी ठेवलेली बारीक भोके दिसतात. मग स्वतःला एक साधा प्रश्न विचारावा : विजेचा पंप नसताना पाणी वर कसे उडत होते? पाणी आपल्या उगमाच्या पातळीपेक्षा वर जात नाही, म्हणून प्रत्येक कारंज्याच्या मागे कुठे तरी त्याहून उंच साठवण असलीच पाहिजे. ती शोधण्यासाठी वाड्याच्या बाहेर पडावे लागते.

नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास कात्रजला तलाव बांधून तिथून शहरात जमिनीखालून दगड-चुन्याचा नळ आणला. कात्रजची जमीन शहरापेक्षा उंच असल्याने पाणी केवळ उतारावर चालत आले. वाटेत हवा बाहेर पडावी, गाळ बसावा आणि नळ साफ करता यावा म्हणून ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले. शनिवारवाड्याबरोबरच शहरातल्या हौदांनाही हेच पाणी मिळे. सदाशिव पेठेतला हौद, काळा हौद, बदामी हौद ही नावे आजही पत्त्यांत वापरली जातात. म्हणजे पेशव्यांच्या वाड्यातले कारंजे आणि पेठेतल्या माणसाची घागर ही एकाच नळावर होती. मला या व्यवस्थेविषयी फार आदर वाटतो. पुण्यात राहणाऱ्याने एकदा तरी कात्रजपासून वाड्यापर्यंतची ही वाट नकाशावर पेन्सिलीने आखून पाहावी. जुन्या हौदांची नावे जोडत गेले, की रेषा बरीचशी आपोआप उमटते.

वाड्यात जागा अपुरी असल्याने पेशव्यांच्या मोठ्या बागा शहराच्या कडेला होत्या, हेही लक्षात घ्यावे. हिराबाग, सारसबाग, तुळशीबाग, बेलबाग ही नावे त्याच काळाच्या खुणा आहेत. पर्वतीच्या पायथ्याशी तळे होते आणि तळ्यातल्या बेटावर सवाई माधवरावांच्या काळात १७८४ साली गणपतीची स्थापना झाली. आज ते तळे नाही, पण लोक अजून ‘तळ्यातला गणपती’ म्हणतात. खेड्यातही हाच प्रकार असतो. गढीच्या तटाआत फार तर तुळशीवृंदावन, पारिजातक आणि दोन-चार फुलझाडे मावत. खरी बाग टेकाडाखाली, विहिरीच्या आणि ओढ्याच्या बाजूला असे. म्हणून गढीवर गेल्यावर ‘बाग कुठे होती?’ असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर बहुधा मिळत नाही. ‘बागेतली विहीर’, ‘बागेचा मळा’, ‘फुलमळा’ असे शेताचे नाव आहे का, ते विचारावे. शेतांची नावे घरांपेक्षा जास्त दिवस टिकतात.

अशी विहीर सापडली की तिच्या काठावर निवांत बसून पाहावे. पुरंदरच्या बाजूच्या एका गावात झुडपांत बुजलेली विहीर मला अशीच एका आजींनी दाखवली. मोटवणाचे, म्हणजे काठावर मोट ओढण्यासाठी बांधलेल्या जागेचे, दगड जागेवर होते आणि कडेच्या दगडावर नाड्याने (मोटेच्या दोराने) पडलेल्या बोटभर खोल खाचा होत्या. वर्षानुवर्षे बैल धावेवरून (मोट ओढताना बैल चालतात त्या उतारावरून) उतरले आणि ओला नाडा त्याच जागी घासत गेला, तेव्हा कुठे काळ्या दगडात अशी खाच पडते. खाचांच्या दोन जोड्या होत्या, म्हणजे दोन मोटा चालत होत्या. एवढ्या पाण्यावर भिजणारी बाग घरापुरत्या फुलांची नसणार, तिथे बागायत होती. थारोळ्यापासून (मोटेचे पाणी पडते त्या कुंडीपासून) पाटाची दगडी कड थोडी दिसत होती, पुढे ती मातीत गेली होती. पाट असा मातीत गेला असेल, तर दोन ऋतूंत पुन्हा यावे लागते. फाल्गुन-चैत्रात सगळे गवत वाळलेले असताना, गाडलेल्या पाटावर किंवा हौदावर गवत वेगळ्या वेळी वाळते. मातीची ओल टिकली असेल तर हिरवी पट्टी दिसते आणि खाली दगडी फरशी असेल तर ती जागा सर्वांत आधी पिवळी पडते. पाटाच्या वाटेवर भाजलेल्या मातीच्या नळाचे, म्हणजे खापरी नळाचे, तुकडे मिळाले तर ते उचलून नेऊ नयेत. जागेवरच शेजारी पट्टी ठेवून त्यांचे छायाचित्र घ्यावे, कारण जागेवरून हललेला तुकडा पाण्याची दिशा सांगू शकत नाही.

झाडांविषयी थोडी सावधगिरी हवी. बेल, कवठ, चाफा, चिंच अशी झाडे एका ओळीत किंवा सारख्या अंतरावर असतील तर ती लावलेली आहेत, एवढे निश्चित म्हणता येते. खोड जाड आहे म्हणून ‘हे शिवकालीन झाड’ असे लिहू नये. सीताफळ तर मुळात अमेरिकेतले झाड आहे. ते पोर्तुगिजांच्या मार्फत इकडे आले आणि पडक्या चुनखडीच्या भिंतींत आपोआप रुजते, म्हणून गढीवर सीताफळांचे रान दिसले तर तो बागेचा पुरावा नसून वस्ती उठल्याचा पुरावा समजावा.

कागद

कागदांची सुरुवात मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरपासून करावी. पुणे जिल्ह्याचा अठरावा खंड १८८५ साली तीन भागांत निघाला. तो इंग्रज अधिकाऱ्यांच्या नजरेतून लिहिलेला असला, तरी त्या वेळी काय शिल्लक होते याची नोंद म्हणून मोलाचा आहे. त्यानंतर गावाचा नकाशा, सातबाराचे जुने उतारे आणि इनामाचे कागद पाहावेत. १८५२ पासून इनाम कमिशनने इनामदारांकडून सनदा व पुरावे मागवले, त्यामुळे अनेक घराण्यांची हकिगत त्या चौकशीत लिहिली गेली आहे.

मूळ मोडी कागदांसाठी पुण्यासारखी जागा नाही. पुणे पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) आहेत आणि १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळातही कागदपत्रांचा मोठा संग्रह आहे. मोडी शिकण्याचे वर्ग शहरात चालतात. काही महिन्यांच्या सरावाने हिशेबाचा कागद वाचता येऊ लागतो. बागेच्या दृष्टीने बखरीपेक्षा हिशेब फार उपयोगी पडतो. रोजकीर्दीत (रोजच्या जमाखर्चाच्या वहीत) आणि ताळेबंदात माळी, मोट, नाडा, बैल, खत, रोपे, चुना, गवंडी हे शब्द शोधावेत. बखरकाराला लढाईचे वर्णन करायचे असते, पण माळ्याच्या महिन्याच्या पगाराचा आणि नाड्याच्या खरेदीचा आकडा लिहिणाऱ्या कारकुनाला खोटे लिहिण्याचे सहसा कारण नसते.

तारखांनी नवख्या माणसाची फसगत होते. शकाच्या आकड्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण जानेवारीपासून चैत्र लागेपर्यंतच्या तिथींना ७९ मिळवावे लागतात. वाड्याची पायाभरणी माघ शुद्ध तृतीया, शके १६५१ ची, म्हणून ती १७३० ची. मोडी कागदांवर बहुधा सुहूर सन (तेव्हाच्या कारभारात वापरली जाणारी वर्षगणना) असतो आणि तो अरबी संख्यांनी, एकक आधी अशा क्रमाने लिहिलेला असतो. ‘सबैन मया व अलफ’ म्हणजे सत्तर, शंभर आणि हजार मिळून ११७०. हे वर्ष मृगापासून सुरू होते, म्हणून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि त्यापुढे ६०० मिळवावे, म्हणजे १७६९-७० मिळते. आणखी एक बारकावा असा, की मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये १० जानेवारी १७३० पाहिली तर तिथे वार मंगळवार येतो. तारीखही चुकलेली नसते आणि वारही. १७५२ पर्यंत इंग्रज जुने कॅलेंडर वापरत आणि आपल्याकडच्या इतिहासात त्या काळाच्या तारखा त्याच पद्धतीने दिलेल्या असतात. अठराव्या शतकातल्या अशा तारखेत ११ दिवस मिळवून पाहावे, म्हणजे २१ जानेवारीला शनिवार येतो. कागदावरचा वार जुळतो का, हे पाहणे ही तारीख तपासण्याची सर्वांत सोपी कसोटी आहे.

चित्रे हाताळताना ती कोणी आणि केव्हा काढली हे आधी पाहावे. पेशव्यांच्या दरबारात १७९० साली झालेल्या तहाचे प्रसिद्ध तैलचित्र थॉमस डॅनियलने १८०५ साली पूर्ण केले. त्याचा आधार जेम्स वेल्सची रेखाटने होती, आणि वेल्स तर १७९१ साली भारतात आला. महालाचे खांब आणि महिरपी कशा होत्या हे समजायला चित्र उत्तम आहे, पण प्रसंगाला कोण कुठे बसले होते हे त्यावरून ठरवू नये.

नावे, कथा आणि शिस्त

दरवाजांची, बुरुजांची आणि विहिरींची सगळी नावे लिहून घ्यावीत, परस्परविरोधी असली तरी. शनिवारवाड्यातल्या मस्तानी दरवाजाला अलीबहादूर दरवाजाही म्हणतात, जांभूळ दरवाजाला नारायण दरवाजा म्हणतात. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा वाड्यातच खून झाला आणि त्यांचा देह त्या बाजूने बाहेर नेला, म्हणून ते दुसरे नाव पडले असे सांगतात. एका दरवाजाला दोन नावे असली, की मधल्या काळात काही तरी घडले आहे असे समजून शोध घ्यावा. ‘ध चा मा’ ची गोष्ट किंवा रात्री ऐकू येणाऱ्या हाकांची गोष्ट लोकांच्या तोंडून ऐकावी, सांगणाऱ्याच्या शब्दांत लिहून ठेवावी, पण वहीच्या वेगळ्या भागात ठेवावी. एका मुलाच्या जिवाचा तो प्रसंग आहे. नारायणराव त्या वेळी अठरा वर्षांचे होते, हे ध्यानात ठेवून लिहिले म्हणजे भाषा आपसूक जपून येते.

गढीवर कुदळ लावू नये. गुप्तधनाच्या आशेने खणलेल्या खड्ड्यांनी जेवढे तट कोसळले आहेत, तेवढे पावसानेही कोसळले नसतील. सापडलेल्या ठेव्याबाबत १८७८ पासून कायदा आहे आणि संरक्षित वास्तूंना १९५८ चा कायदा लागू आहे. शिलालेखावर चुना, खडू किंवा तेल लावू नये. सकाळी ऊन तिरपे असताना किंवा संध्याकाळी बाजूने विजेरी धरून छायाचित्र काढले की झिजलेली अक्षरेही उठून दिसतात. पांढऱ्या मातीच्या भिंतींपाशी पावसाळ्यात एकटे जाऊ नये, कारण त्या आतून पोकळ झालेल्या असतात आणि कोसळण्याआधी काहीही सूचना देत नाहीत.

लिहायला बसल्यावर प्रत्येक विधानापुढे कंसात एक खूण करावी : पाहिले, मोजले, कागदात वाचले किंवा ऐकले. लेख तयार झाला की त्याची एक प्रत गावच्या शाळेत आणि एक ग्रामपंचायतीत द्यावी आणि ज्यांनी विहीर, शेत किंवा नाव दाखवले त्यांना ती वाचून दाखवावी. वाचताना हटकून कोणी तरी म्हणते, “बाई, ती विहीर नव्हे, तिच्या वरच्या अंगाला आणखी एक होती.” मग वही घेऊन पुन्हा निघावे. शक्य असेल तर पहिला मोठा पाऊस झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी जावे, कारण त्या दिवशी टेकाडावरून उतरणारे पाणी जुन्या पाटाची वाट धरते आणि ते कुठे जाऊन थांबते, हे आपल्याला चालत चालत पाहता येते.